ब्रायन एनोचं सुरुवातीचं काम कसं लावायचं: १९७२ ते १९८३

प्रश्न थोडक्यात असा: ब्रायन एनो या इंग्लिश संगीतकाराचं १९७२ ते १९८३ या काळातलं काम एका छोट्या श्रोतेगटाला तीन बैठकांत ऐकवायचं आहे. प्रकाशनाच्या वर्षाप्रमाणे लावलं तर गाणी, गिटार, पियानो आणि बेडकांचे आवाज एकात एक मिसळतात. ‘अँबियंट’ (पार्श्वभूमीत वातावरणासारखं राहणारं संगीत) असं छापलेले चारच अल्बम घेतले तर १९७५ चं महत्त्वाचं काम बाहेर राहतं. मग गट कसे पाडायचे, तुलना कशाच्या आधारावर करायची आणि ‘पहिला अँबियंट अल्बम’ कोणता म्हणायचा?

माझ्या मते इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एखादा तुकडा मुद्रित कधी झाला, बाजारात कधी आला आणि तो बनला कसा, यांची उत्तरं एनोच्या बाबतीत बहुधा जुळत नाहीत. वर्ष आणि मालिकेचं नाव शोधणाऱ्याच्या सोयीचं असतं, पण ऐकणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. ऐकण्यासाठी गट पाडायचे तर ‘आवाज परत कसा येतो’ हा एकच प्रश्न धरून बसावं. कोणी वाजवतंय म्हणून परत येतो? यंत्र लावून सोडून दिलंय म्हणून येतो? संकलकाने तिथे ठेवला म्हणून येतो? की परत येतच नाही? या प्रश्नावर चार गट पडतात, आणि भागीदारीचे काही अवघड अल्बम सोडले तर बाकी सगळं त्यांत बसतं.

यात परिस्थितीनुसार बदलेल असंही काही आहे. गट गाण्यांच्या सवयीचा असेल तर क्रम वेगळा, शास्त्रीय संगीत ऐकणारा असेल तर वेगळा. जुन्या तबकड्या आहेत की मोबाइलवरून स्ट्रीमिंग, यावरही बरंच ठरतं. त्याकडे शेवटी येतो.

पहिला गट: वादक आणि दोन टेप यंत्रं. यात मुख्यतः गिटारवादक रॉबर्ट फ्रिपबरोबरचे दोन अल्बम येतात, १९७३ चा ‘नो पुसीफूटिंग’ आणि १९७५ च्या डिसेंबरातला ‘इव्हनिंग स्टार’. पहिल्याची पहिली बाजू, ‘द हेवन्ली म्युझिक कॉर्पोरेशन’, ८ सप्टेंबर १९७२ रोजी लंडनच्या मैदा व्हेल भागात एनोच्या घरी मुद्रित झाली. एनो तेव्हा रॉक्सी म्युझिक या रॉक बँडमध्ये होता. दुसरी बाजू जवळपास वर्षभराने, ऑगस्ट १९७३ मध्ये कमांड स्टुडिओत झाली. म्हणजे एकाच तबकडीच्या दोन बाजूंत एक वर्षाचं अंतर आहे. तुमच्या नोंदवहीत अल्बमला एक ओळ न देता प्रत्येक बाजूला वेगळी ओळ द्या, असं मी म्हणतो ते यासाठी.

यंत्रणा कळली की ऐकणं सोपं जातं. रेव्हॉक्स ए-७७ ची दोन टेप यंत्रं शेजारी ठेवायची. कोऱ्या टेपचं रीळ डाव्या यंत्रावर, रिकामं रीळ उजव्या यंत्रावर. टेप पहिल्या यंत्राच्या हेडवरून (टेपवर आवाज लिहिणारा-वाचणारा भाग) निघून हवेतून दुसऱ्याच्या हेडवर जाते. पहिलं यंत्र मुद्रित करतं, दुसरं तेच थोड्या वेळाने वाजवतं, आणि दुसऱ्याचा आवाज पुन्हा पहिल्याला दिला जातो. विलंब किती, ते दोन हेडमधलं अंतर भागिले टेपचा वेग. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने टेप धावत असेल आणि हेडमधलं अंतर १ मीटर असेल तर आवाज सव्वापाच सेकंदांनी परत येतो. वेग निम्मा केला, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर, तर साडेदहा सेकंदांनी.

परत पाठवलेल्या आवाजाची पातळी हा यातला खरा निर्णय. ७० टक्के परत पाठवला तर दहाव्या फेरीत ३ टक्क्यांच्या आसपास उरतो, म्हणजे सव्वापाच सेकंदांच्या विलंबाला एक सूर साधारण मिनिटाभरात विरतो. ९० टक्के पाठवला तर दहाव्या फेरीलाही ३५ टक्के शिल्लक असतो आणि सुरांची रास साचत जाते. १०० च्या वर गेलं की सगळं किंचाळायला लागतं. शिवाय दर फेरीला वरच्या पट्टीचे सूक्ष्म आवाज थोडे झडतात आणि टेपची खरखर थोडी वाढते. त्यामुळे जुने सूर मागे सरकल्यासारखे, मऊ आणि धुरकट होतात. ‘हेवन्ली म्युझिक’मध्ये हेच ऐकायचं: ताजा गिटारचा सूर टोकदार, त्याच्या खाली आधीच्या फेऱ्यांचा गाळ. ही कल्पना एनोची एकट्याची नव्हे. टेरी रायली आणि पॉलीन ऑलिव्हेरोस या अमेरिकन संगीतकारांनी टेप-विलंबाचे असे प्रयोग साठच्या दशकात केले होते. एनोने ती रॉक गिटारच्या हाती दिली.

या गटाची खूण अशी की निर्णय वादकाचा असतो. फ्रिप थांबला तर रास विरते. त्याने सूर बदलला तर पुढचं मिनिट बदलतं. ‘इव्हनिंग स्टार’ची दुसरी बाजू, ‘ॲन इंडेक्स ऑफ मेटल्स’, जवळपास २८ मिनिटं चालते आणि हळूहळू फाटक्या, कडवट आवाजाकडे जाते. ‘अँबियंट म्हणजे शांत’ अशी समजूत घेऊन आलेल्यांना ती मुद्दाम ऐकवावी. त्याच अल्बमच्या पहिल्या बाजूवरचा ‘विंड ऑन विंड’ मात्र या गटातला नाहीच. तो ‘डिस्क्रीट म्युझिक’ या एनोच्या १९७५ च्या अल्बमचा तुकडा आहे, त्याला दुसऱ्या गटात टाका. अल्बम फोडायला कचरू नका.

दुसरा गट: लावून सोडून दिलेली यंत्रणा. एनोचं नाव ज्यामुळे राहील ते काम, माझ्या मते, हे. मुख्य नमुना ‘डिस्क्रीट म्युझिक’ची पहिली बाजू, मुद्रण ९ मे १९७५, एनोच्या घरी, लांबी तीस मिनिटांच्या किंचित वर. ती फ्रिपच्या वादनाला पार्श्वभूमी म्हणून बनवली होती. यंत्रणेचा नकाशा अल्बमच्या पाठीवर छापलेला आहे: सिंथेसायझरच्या स्मृतीत दोन छोट्या सुरावटी ठेवल्या, दोन्हींची लांबी वेगळी, तिथून आवाज ग्राफिक इक्वलायझरमध्ये (खर्ज ते तार, हव्या त्या पट्ट्या कमी-जास्त करणारं यंत्र), मग इको यंत्रात, मग वर सांगितलेल्या दोन टेप यंत्रांच्या साखळीत. एनोचं काम अधूनमधून इक्वलायझर हलवून आवाजाचा पोत बदलण्यापुरतं. टेपची साखळी पहिल्या गटातलीच आहे. फरक एवढाच की फ्रिपच्या जागी दोन असमान सुरावटी बसल्या. हे दोन तुकडे लागोपाठ ऐकवले तर काही समजावून सांगावंच लागत नाही.

असमान लांबीचं महत्त्व ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मधल्या ‘२/१’ या तुकड्यावर सगळ्यात स्पष्ट कळतं. त्यात गायलेले एकेक लांब सूर स्वतंत्र टेप लूपवर (दोन टोकं जोडून गोल फिरत राहणारी टेप) आहेत, वाद्य नाही. १९९६ मधल्या एका भाषणात एनोने त्यातल्या तीन लूपच्या लांब्या अंदाजाने सांगितल्या आहेत: साडेतेवीस सेकंद, पावणेसव्वीसच्या थोडं वर म्हणजे २५ पूर्णांक ७/८, आणि तिसावं सेकंद भरायला जरा कमी म्हणजे २९ पूर्णांक १५/१६. आता हिशेब करून बघा. सगळं सेकंदाच्या सोळाव्या भागांत मोजलं तर ३७६, ४१४ आणि ४७९. पहिले दोन लूप पुन्हा एकाच क्षणी सुरू व्हायला सुमारे ८१ मिनिटं लागतात. तिसरा धरला तर जवळपास २७ दिवस. तुकडा आहे नऊ मिनिटांच्या आसपास. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक लूपला स्वतःचं आवर्तन आहे, पण सगळ्यांची मिळून सम तुकडा संपेपर्यंत येतच नाही. प्रत्यक्षात टेपचा वेग इतका काटेकोर राहत नाही, म्हणून हा आकडा गणितातला समजा. मुद्दा बदलत नाही.

हे लूप कोलोनजवळ जर्मन ध्वनिमुद्रक कॉनी प्लांकच्या स्टुडिओत खुर्च्यांच्या नळ्यांभोवती फिरवले होते, हा किस्सा अनेकदा सांगितला जातो. त्यामागचं कारण साधं आहे. ३८ सेंटिमीटर वेगाला साडेतेवीस सेकंदांची टेप जवळजवळ ९ मीटर भरते. ती यंत्रावर मावत नाही. खोलीभर ताणून कशावर तरी टेकवावीच लागते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, संपूर्ण ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ एकाच पद्धतीचा समजणं. ‘१/१’ मध्ये पियानो रॉबर्ट वायटचा आहे आणि रचनेचं श्रेय एनो, वायट आणि ऱ्हेट डेव्हिस या तिघांचं. त्यात ओळखू येणारी सुरावट आहे, आणि मनात ती ‘धून’ म्हणून राहते. ‘२/१’ मधून बाहेर पडल्यावर गुणगुणायला काही सापडत नाही. दुसरी चूक, ‘डिस्क्रीट म्युझिक’च्या दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक नाही म्हणून बाजूला काढणं. ती पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराच्या ‘कॅनन’ या रचनेवर आधारित तीन रूपांची बाजू आहे, कॉकपिट आँसाम्ब्ल या वाद्यवृंदाने गॅव्हिन ब्रायर्सच्या संचालनाखाली वाजवलेली. एका रूपात प्रत्येक वादकाने आपली लय उतरवत न्यायची, आणि ती किती हे त्याच्या वाद्याच्या पट्टीवर ठरतं. खर्जातली वाद्यं अधिक संथ होतात. दुसऱ्या रूपात प्रत्येकाला वेगळ्या लांबीची स्वरमालिका दिली आहे. म्हणजे टेपऐवजी माणसं, पण नियम तोच: असमान आवर्तनं लावायची आणि सोडून द्यायचं. हातात तंतुवाद्यं आहेत की सिंथेसायझर, यावर वर्ग ठरवलात तर एनोचा विचारच हातून निसटेल.

लांबीबद्दल एक सावधगिरी. या गटातल्या रचनेला स्वतःची लांबी नसते. ती हळूच सुरू होते आणि हळूच विरते, कारण ती आधीपासून चालू होती आणि पुढेही चालली असती. तीस मिनिटं ही तबकडीच्या एका बाजूची मर्यादा. सीडी आल्यावर १९८५ मध्ये ‘थर्सडे आफ्टरनून’ हा ६१ मिनिटांचा एकच अखंड तुकडा निघाला. पद्धत याच कुळातली, फक्त माध्यम बदललं. तुमची मर्यादा १९८३ ची आहे, तरी या एकाला अपवाद करावा.

तिसरा गट: स्टुडिओत रचलेले छोटे तुकडे. १९७५ च्या ‘अनदर ग्रीन वर्ल्ड’मध्ये १४ तुकडे आहेत, त्यातल्या ५ मध्येच शब्द आहेत. बाकीचे ‘द बिग शिप’, ‘इन डार्क ट्रीज’, ‘बिकाम्ड’ असे दोन-चार मिनिटांचे वाद्यतुकडे. १९७८ चा ‘म्युझिक फॉर फिल्म्स’ तर असल्याच १८ तुकड्यांचा. चित्रपट करणाऱ्यांनी उचलून वापरावेत म्हणून त्याची एक मर्यादित आवृत्ती १९७६ मध्येच काढली होती, हे तारखा लिहिताना विसरू नका. १९८३ चा ‘अपोलो’ही इथेच. डॅनियल लॅन्वा आणि भाऊ रॉजर एनो यांच्याबरोबर केलेलं हे काम, अल राइनर्टच्या अपोलो मोहिमांवरच्या माहितीपटासाठी.

या गटात लांबी हा रचनेचाच भाग आहे. ‘द बिग शिप’ची सुरावट पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच राहते, फक्त तिच्यावर थर चढत जातात, कुठला थर कधी आणायचा हे एनोने हाताने ठरवलं आहे. ठेकाही सापडतो, कधी ऱ्हिदम यंत्राचा, कधी माणसाचा. ड्रमवादक फिल कॉलिन्स आणि बास गिटारवादक पर्सी जोन्स यांच्यासारखे वादक ‘अनदर ग्रीन वर्ल्ड’वर आहेत. चाचणी सोपी: तुकड्याचं मधलं एक मिनिट कापलं तर कळेल का? या गटात कळतं, दुसऱ्या गटात बहुधा कळणार नाही. पहिल्या गटात कळेल की नाही, ते फ्रिप त्या मिनिटात काय करत होता यावर आहे.

याच गटापाशी ‘लो’ची दुसरी बाजू ठेवतात. डेव्हिड बोवीचा हा अल्बम जानेवारी १९७७ चा. ‘वॉर्सझावा’ एनोच्या सहभागाने झाला. वेळापत्रकात तो जरूर दाखवा, पण तुमच्या तीन बैठकांत त्याला जागा देऊ नका. गटातले निम्मे लोक बोवीबद्दलच बोलत बसतील.

चौथा गट: जागा. यात खरं तर एकच अल्बम आहे, १९८२ चा ‘ऑन लँड’, आणि तो एकटा असूनही त्याला स्वतंत्र खण हवा. मालिकेत तो ‘अँबियंट ४’ आहे, ‘एअरपोर्ट्स’ ‘अँबियंट १’. नावावरून भावंडं वाटतात, पण ऐकताना नातं क्वचितच सापडतं. काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि १९८२ च्या सुरुवातीला संपलं. एनोने स्वतः लिहून ठेवलं आहे की सिंथेसायझरचा उपयोग कमी होत गेला आणि त्याजागी काठ्या, दगड, साखळ्या असले आवाज आले. कावळ्यांच्या जातीचे पक्षी, बेडूक, कीटक यांची ध्वनिमुद्रणं आली. आणि स्वतःच्या आधीच्या कामाच्या टेपाही कच्चा माल म्हणून आत गेल्या. जुन्या टेपा कुजवून खत करावं तसं. म्हणून ‘ऑन लँड’मधल्या एखाद्या आवाजाचं वर्ष विचारण्यात अर्थ उरत नाही, आणि वर्षावर आधारलेलं वर्गीकरण इथे सपशेल कोसळतं.

शीर्षकं मात्र नकाशावर सापडतात. ‘लँटर्न मार्श’ आणि ‘डनिच बीच, ऑटम, १९६०’ ही एनो जिथे वाढला त्या इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावरची ठिकाणं. ‘अनफॅमिलिअर विंड’च्या नावात येणारं लीक्स हिल्स हे वुडब्रिज आणि मेल्टन यांच्यामधलं लहानसं रान. गंमत म्हणजे लँटर्न मार्शचा त्याचा अनुभव तिथे जाण्यातून आलेला नाही (गेला बहुधा असेलही), नंतर नकाशावर पाहून केलेल्या कल्पनेतून आला, हेही त्यानेच सांगितलंय. तेव्हा या अल्बमला ‘निसर्गाचं ध्वनिमुद्रण’ म्हणू नका. आठवणीतल्या आणि काल्पनिक जागा स्टुडिओत उभ्या केल्या आहेत.

कुठल्या गटात काय ते ठरवायला कानाची एक चाचणी पुरते. मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या, तुकड्यातला एक ठळक आवाज निवडा, तो आला की लॅप दाबा, पाच वेळा. ‘२/१’ मध्ये एका सुराला अंतरं जवळजवळ सारखी मिळतात. दुसऱ्या सुराला वेगळी, पण तीही आपापसांत सारखी. ‘डिस्क्रीट म्युझिक’मध्येही मिळतात, पण टेपचे पडसाद मध्ये येतात म्हणून सर्वांत मोठा, पहिला आवाजच धरा, नाहीतर पडसादाला नवा सूर समजाल. ‘हेवन्ली म्युझिक’मध्ये पडसादाचं अंतर ठरलेलं असतं, पण नव्या सुरांचं नाही. ‘द बिग शिप’मध्ये तालाची मात्रा सापडते. ‘ऑन लँड’मध्ये बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही, आणि तेच त्याचं उत्तर. मोजायला किमान आठ-दहा मिनिटं द्या. दोन मिनिटांत लूप पुरेसे फिरत नाहीत आणि सगळंच मनमानी वाटतं.

आता भागीदारीचे अल्बम. इथे गट चालत नाहीत, भूमिका लिहावी लागते: सूर कोणाचे, यंत्रणा कोणाची. १९८० च्या ‘द प्लॅटो ऑफ मिरर’मध्ये पियानो हॅरॉल्ड बडचा आणि त्यावरची ध्वनिप्रक्रिया एनोची. त्याच वर्षीच्या ‘डे ऑफ रेडियन्स’मध्ये झिथर आणि डल्सिमर ही तारवाद्यं वाजवणारा लाराजी आहे, जो एनोला न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये वाजवताना भेटला, एनो इथे निर्माता. त्याची पहिली बाजू वेगवान, लखलखती, जवळजवळ नाचरी आहे. हा ‘अँबियंट ३’ आहे हे सांगून ऐकवलं तर मालिकेचं नाव म्हणजे वर्ग नव्हे हे लोकांना आपोआप पटतं. ‘क्लस्टर अँड एनो’ (१९७७) आणि ‘आफ्टर द हीट’ (१९७८) हे जर्मन जोडगोळी मोबियस आणि रोडेलियस यांच्याबरोबरचे. त्यांना मी तिसऱ्या गटाच्या शेजारी ठेवतो, तेवढं पुरे.

जॉन हॅसलबरोबरच्या ‘पॉसिबल म्युझिक्स’ (१९८०) वर मात्र आपल्याकडच्या श्रोत्यांनी थांबावं. हॅसल ट्रंपेट वाजवतो, पण ऐकताना पितळी वाद्य वाटत नाही. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड ऐकू येते. कारण उघड आहे: तो पंडित प्राणनाथांकडे शिकला होता, आणि प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शिष्य, म्हणजे किराणा घराणं. मिरजेचे अब्दुल करीम खाँ आणि पुण्याचे भीमसेन जोशी ज्या घराण्याचे, त्याच घराण्याची दुसरी फांदी. टेरी रायलीही प्राणनाथांचा शिष्य. ‘ऑन लँड’मधल्या ‘शॅडो’मध्ये हॅसलचाच ट्रंपेट आहे. तुमच्या गटात खयाल ऐकणारे असतील तर हा तुकडा सर्वांत आधी लावायलाही हरकत नाही. इतरांना ज्या संथपणाची सवय लावून घ्यावी लागते, ती त्यांच्याकडे आधीच असते.

‘पहिला अँबियंट अल्बम’ या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही देता येतात. नावाने पहिला ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’. त्याच्या सोबतच्या टिपणावर सप्टेंबर १९७८ अशी तारीख आहे, आणि दुर्लक्ष करता यावं पण लक्ष दिलं तर रसही वाटावा अशी या संगीताची व्याख्या तिथेच मांडली आहे. पद्धतीने पहिला ‘डिस्क्रीट म्युझिक’, १९७५. त्याच्या टिपणात एनोने तो फार हळू आवाजात, अनेकदा ऐकूच येऊ नये इतक्या हळू ऐकण्याची सूचना केली आहे. आणि हेतू धरला तर फ्रेंच संगीतकार एरिक साती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जेवणाच्या टेबलावरच्या काटे-चमच्यांच्या आवाजात मिसळून जाणाऱ्या संगीताबद्दल बोलत होता. मला एकच निवडायला लावलं तर १९७५. नाव नंतर येतं, काम आधी झालेलं असतं.

वाजवण्याबद्दल. स्ट्रीमिंग ॲपमध्ये आवाजाची पातळी सारखी करणारी सोय बंद करा, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेला तुकडा रॉकच्या पातळीला येतो. गाणी एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेडही बंद. सावकाश उगवणाऱ्या आणि विरणाऱ्या टोकांचा तो सत्यानाश करतो. आवृत्ती तपासा. ‘नो पुसीफूटिंग’च्या २००८ च्या पुनर्प्रकाशनात मूळ तुकड्यांबरोबर उलटे वाजवलेले आणि निम्म्या वेगाचे प्रकारही आहेत (बीबीसीचा निवेदक जॉन पीलने १९७३ मध्ये रेडिओवर टेप उलटी वाजवली होती, त्याची ही आठवण). यादीत चुकून उलटा तुकडा आला तर फ्रिपचे सूर फुगत येऊन एकदम तुटतात. त्यावरून ओळखता येतं. तबकडी असेल तर तीस मिनिटांच्या बाजूवर खाचा दाटीने कोरलेल्या असतात, आवाजाची पातळी कमी असते आणि खरखर तुलनेने जास्त ऐकू येते. ती खरखर टेपची नाही. दोन्हींची गल्लत करून ‘मुद्रण वाईट’ असा शेरा मारू नका.

‘ऑन लँड’साठी एनोने तीन स्पीकरची मांडणी सुचवली आहे, आणि ती करून पाहण्यासारखी आहे. समोरचे डावा-उजवा स्पीकर नेहमीसारखे. तिसरा, लहान आणि स्वस्त चालेल, श्रोत्यांच्या मागे. त्याची एक तार ॲम्प्लिफायरच्या डाव्या बाजूच्या धन टोकाला, दुसरी उजव्या बाजूच्या धन टोकाला. ऋण टोकांना काहीच जोडायचं नाही. मग मागच्या स्पीकरमध्ये दोन्ही बाजूंत समान असलेलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं आणि फक्त फरक उरतो: खोलीचा घुमारा, कडेचे आवाज, बेडूक. हे जुन्या पद्धतीच्या, दोन्ही बाजूंची ऋण टोकं आतून एकच असलेल्या ॲम्प्लिफायरवरच करा. ब्लूटूथ स्पीकर, स्वतःचा ॲम्प असलेले स्पीकर किंवा हल्लीचे ब्रिज पद्धतीचे छोटे क्लास-डी ॲम्प यांवर अजिबात नको. खात्री नसेल तर दुरुस्तीवाल्याला दाखवून घ्या.

ते जमत नसेल तर तोच फरक संगणकावर काढता येतो. ऑडॅसिटीत फाइल उघडा, स्टिरिओ ट्रॅक दोन मोनो ट्रॅकमध्ये फोडा, एकावर इन्व्हर्ट लावा, दोन्ही मिसळून एक करा. मूळ सीडीवरून घेतलेली फाइल वापरा. कमी बिटरेटच्या एमपी३ मध्ये या फरकाच्या भागातच सर्वांत जास्त काटछाट होते, आणि पाण्याखालून आल्यासारखी गुळगुळ ऐकू येते. ती एनोची समजून त्यावर परिच्छेद लिहिलेले लोक आहेत.

तीन बैठकांचा क्रम मी असा लावीन. पहिलीत ‘द हेवन्ली म्युझिक कॉर्पोरेशन’ आणि लगेच ‘डिस्क्रीट म्युझिक’ची पहिली बाजू, मिळून पन्नास-बावन्न मिनिटं, मध्ये बोलणं नाही. दुसरीत आधी ‘इन डार्क ट्रीज’, ‘द बिग शिप’ आणि ‘म्युझिक फॉर फिल्म्स’मधले तीन-चार तुकडे, मग ‘२/१’ स्टॉपवॉचसह, आणि शेवटी ‘१/१’. तिसरीत ‘डे ऑफ रेडियन्स’ची पहिली दहा मिनिटं, हॅसलचा एक तुकडा, आणि मग अख्खा ‘ऑन लँड’, तीन स्पीकरवर. गटात मुख्यतः गाणी ऐकणारे असतील तर पहिली आणि दुसरी बैठक अदलाबदल करा. खयाल ऐकणाऱ्यांसाठी तिसरीतला हॅसल पहिल्या बैठकीच्या सुरुवातीला आणा, बाकी तसंच राहू द्या. आवाज इतका ठेवा की खोलीतला पंखा आणि रस्ता दोन्ही ऐकू येतील. पंखा फारच मोठा असेल तर ‘डिस्क्रीट म्युझिक’च्या वेळी तेवढा एका नंबराने कमी करा, बंद करू नका.